डावा डोंगा पाणी पितो

होडी वाऱ्यावरून वळेचना, तिथून हे सगळं सुरू झालं. सुकाणू पूर्ण वळवावं, नाक वाऱ्याच्या तोंडापर्यंत जावं आणि तिथंच अडावं. शीड फडफडत राहायचं, होडी हळूहळू उलटी सरकायला लागायची. कॅटमरान म्हणजे दोन अंगं जोडलेली होडी, वजनानं हलकी, तिला जड होडीसारखा रेटा राहत नाही, म्हणून ती वळणावर अडते हे ठाऊक होतं. त्यामुळे दोष डोलकाठीचाच असं मी धरून चाललो. दोन रविवार काठी चार बोटं मागे झुकव, परत पुढे घे, बाजूच्या तारा कस, सैल सोड, यातच गेले. तिसऱ्या रविवारी होडी काठावर ओढताना भाचा म्हणाला, "मामा, ह्या बाजूनं जड लागून राहिली." डाव्या अंगाचं झाकण उघडलं तर मागच्या टोकाला वीतभर पाणी. उपसून रंगाच्या डब्यानं मोजलं: १४ लिटर. उजवं अंग ठणठणीत कोरडं.

तर पहिली गोष्ट ही. घरी बांधलेली दोन अंगांची होडी वळत नसेल, एका बाजूला ओढत असेल, मागून बसत असेल, तर तारा आणि शिडाला हात लावण्याआधी दोन्ही अंगांतलं पाणी मोजा. चौदा लिटर म्हणजे चौदा किलो, आणि ते एका जागी थांबत नाही. नाक उचललं की सगळं मागे धावतं, मागचं टोक खोल बसतं, सुकाणू जड होतं आणि वळण अर्ध्यात मरतं. काठी झुकवून त्याच्यावर इलाज होत नाही.

होडीबद्दल थोडं सांगतो, म्हणजे तुमच्याशी ताडून पाहता येईल. ती पवनीच्या बाजूला, गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्यावर चालते. लांबी १४ फूट, रुंदी ७ फूट. ६ मिलिमीटरच्या प्लायवूडच्या फळ्या तांब्याच्या तारेनं टाचून, सांध्यांवर काचपट्टी (काचेच्या धाग्यांची पट्टी) आणि इपॉक्सी, म्हणजे दोन भाग कालवून लावायची राळ. दोन अंगांना जोडणारे दोन ॲल्युमिनियमचे पाइप बोल्टनं बसवलेले. डोलकाठी १८ फुटी भरीव बांबूची, शीड ताडपत्रीचं. मी फॅब्रिकेशनवाला माणूस, गेट, ग्रिल आणि कूलरच्या बॉड्या बनवतो; लाकडाचं काम हे पहिलंच. गावात होडीच्या अंगांना डोंगेच म्हणतात, कारण ढिवरांचे, म्हणजे मासेमारांचे, डोंगे सगळ्यांनी लहानपणापासून पाहिलेले. मीही तेच म्हणतो. तसंही कॅटमरान हा शब्द तमिळ 'कट्टुमरम'वरून आला आहे. कट्टु म्हणजे बांधणं, मरम म्हणजे लाकूड. मूळ कट्टुमरम म्हणजे एकमेकांना बांधलेले ओंडके. दोन पोटांची होडी हा अर्थ इंग्रजांकडे गेल्यावर चिकटला.

पाणी दिसलं की माणूस आधी भोक शोधतो. मीही शोधलं. डोंगा उलटा घातला, तळाच्या सांध्यावर जिथं जिथं शंका आली तिथं पुट्टी भरली, घासली, रंग मारला. पुढच्या रविवारी १३ लिटर. पुन्हा पुट्टी. त्यानंतर १५. तिसऱ्या वेळी मी जास्त शहाणपणा केला: डोंग्यात हवा भरून साबणाच्या पाण्यानं गळती बघू म्हणून डोंगा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत टाकून पंक्चरवाल्याकडे नेला आणि कॉम्प्रेसरची नळी लावली. पाच-सहा सेकंदांत वरच्या फळीचा सांधा हातभर फाटला. पंक्चरवाल्याची त्यात काही चूक नाही, हिशेब माझा चुकला. ट्यूबमध्ये जो दाब काहीच नाही, तो रुंद सपाट फळीवर फार असतो. वातावरणाच्या दाबाचा फक्त दहावा हिस्सा घेतला तरी दर चौरस मीटरला जवळपास एक टन भार येतो. ६ मिलिमीटरचं प्लाय त्यापुढं काय टिकणार.

सांधा दुरुस्त केला आणि मग जे आधी करायला पाहिजे होतं ते केलं: वही घेतली. तारीख, होडी पाण्यात लोटल्याची वेळ, त्याआधी ती उन्हात किती होती, किती तास चालवली, किती पाणी निघालं. पाच-सहा खेपा लिहिल्यावर जे दिसलं ते पुट्टीच्या कुठल्याच हिशेबात बसेना. सकाळी सहाला लोटली, तीन तास चालवली, पाणी तांब्याभर. दुपारी चारला लोटली, तीन तास चालवली, पाणी १४ लिटर. दुपारची होडी एका तासात बाहेर काढून पाहिली, तरी १२ लिटर. म्हणजे पाणी येतं ते पहिल्या तासात, नंतर जवळजवळ थांबतं, आणि सकाळी येतच नाही. भोकाला घड्याळ कळत नाही. भोक असतं तर सहा तासांत दुप्पट पाणी आलं असतं.

उत्तर भाच्यामुळेच मिळालं, तेही अपघातानं. मे महिना, पारा ४४च्या वर. दुपारी होडी लोटून अर्धा तास झाला होता, तो बिस्किटाचा पुडा ठेवायला डाव्या डोंग्याचं चुडीचं झाकण फिरवायला गेला तर ते फिरेना. दोन्ही हातांनी जोर लावल्यावर फिरलं, आणि फुस्स करून हवा आत गेली. बाहेर नाही, आत. दोन्ही बाजूंच्या फळ्या आत दबल्या होत्या, त्या झाकण उघडताच टुण्णकन परत सरळ झाल्या, ते मी डोळ्यांनी पाहिलं.

गरम भाजी घट्ट डब्यात भरून ठेवली की थंड झाल्यावर झाकण निघत नाही. तेच.

डोंगा दिवसभर काठावर उन्हात. वरचा रंग गडद निळा, कारण घरात तोच उरला होता. आतली हवा मी नंतर थर्मामीटर सोडून मोजली: ५८ अंश. तापलेली हवा फुगते आणि बारीकसारीक फटींतून दिवसभर बाहेर निघून जाते, ते कुणालाच कळत नाही. मग चार वाजता तो तापलेला डोंगा पाण्यात. खालचा अर्धा भाग थंड पडतो, आतली हवा ३८ अंशांवर येते, आकसते आणि बाहेरून जे मिळेल ते ओढते. ज्या फटीतून सकाळी हवा गेली, ती आता पाण्याखाली आहे. मग पाणीच ओढणार.

आकडे मांडून पाहा, मला तर मांडल्याशिवाय पटलं नाही. आमच्या एका डोंग्यात साधारण ३५० लिटर हवा. हवेचा हिशेब सेल्सिअसमध्ये नाही, त्यात २७३ मिळवून करतात: ५८ अंश म्हणजे ३३१, ३८ अंश म्हणजे ३११. फरक २० भाग ३३१, सुमारे सहा टक्के. ३५० लिटरचे सहा टक्के म्हणजे २१ लिटर. त्यातलं काही फळ्या आत दबल्यानं भरून निघतं, बाकीचं पाण्यानं. १४ लिटर कुठून येतात ते कळलं. आणि ओढ किती? सहा टक्के दाब म्हणजे सुमारे दोन फूट पाण्याइतका. डोंगा पाण्यात बुडतो सहा-सात इंच. म्हणजे पाणी बाहेरून जेवढं रेटतं, त्याच्या तिप्पट-चौपट आतून ओढलं जातं. एरवी जे भोक गळलंही नसतं, तेही मग गळतं.

उरला प्रश्न डाव्याचाच. उजवा डोंगाही त्याच उन्हात, त्याच रंगाचा, त्याच हातानं बांधलेला. दोन दिवस विचार करून मी उजव्याचं झाकण काढलं, तर त्याच्या खालचं रबराचं वायसर एका जागी चिमटलेलं. तिथून हवा ये-जा करत होती. ज्या डोंग्याचं काम मी घाईत आटोपलं तो कोरडा, आणि ज्याचं झाकण मी दोनदा सिलिकॉन लावून घट्ट केलं तो पाणी पीत होता. आमच्या घाटावरचे एक ढिवर काका पहिल्या दिवशीच म्हणाले होते, "येवढा बंद कायले केला जी? आमचा डोंगा उघडाच राह्यते." तेव्हा मी हसलो होतो.

आता पाणी नेमकं कुठून येतं ते शोधायचं. कॉम्प्रेसरचं नाव काढू नका, तोंड पुरतं. सलाइनची रिकामी नळी घ्या, एक टोक झाकणातल्या भोकात बसवून भोवती पुट्टी लावा. दुसऱ्या नळीचा इंग्रजी यू आकार करून पाटीला बांधा, त्यात रंगीत पाणी भरा आणि तिचं टोकही डोंग्याला जोडा. पहिल्या नळीतून फुंका. दोन बाजूंच्या पाण्यात सहा इंचांचा फरक पडला की थांबा, त्याहून जास्त नको. चार-पाच फुंकरीत होतं. नळीला गाठ मारा आणि साबणाचा फेस लावत फिरा. ज्या तळाच्या सांध्यावर मी दोन वेळा पुट्टी चढवली तिथं एक फुगाही आला नाही. फुगे आले सुकाणूच्या खालच्या कडीच्या स्क्रूंभोवती, भुरभुर, जणू डोंगा तिथूनच श्वास घेत होता. ती कडी होडीत माणसं बसली की पाण्याखाली जाते, काठावर असताना मात्र बरीच वर दिसते. म्हणून तिकडे लक्षच गेलं नव्हतं.

स्क्रूची भोकं नुसती सिलिकॉननं बुजवू नका, हंगामभर टिकत नाहीत. स्क्रू काढा, भोक दुप्पट मोठं करा, दोन-तीन दिवस उन्हात पूर्ण वाळू द्या, मग इपॉक्सीत बारीक लाकडी भुसा कालवून ते गच्च भरा. वाळल्यावर त्याच्या मध्यात स्क्रूपुरतं नवं भोक पाडा. आता स्क्रू लाकडात नाही, इपॉक्सीत बसतो, पाणी प्लायच्या थरांपर्यंत पोहोचत नाही.

इथं एक आडवळण घेतो, कारण याच चुकीनं माझ्या डोंग्यांना कितीतरी टाचणीएवढी छिद्रं पडली होती. इपॉक्सी सकाळी लावू नका. विदर्भातल्या उन्हाळ्यात सकाळची थंडाई पाहून मोह होतो, मिश्रणही लवकर तापत नाही. पण सकाळी लाकूड तापत जातं, त्याच्या छिद्रांतली हवा फुगून बाहेर येते आणि ओल्या थरात बुडबुडे धरतात. ते फुटले की तिथं छिद्र. संध्याकाळी उन्हं उतरल्यावर लावा, लाकूड थंड होत जातं आणि इपॉक्सी आत ओढून घेतं. डोंग्याला पाणी पाजणारी ओढच इथं आपल्या कामाला येते. मात्र मिश्रण थोडं थोडं कालवा, हळू सुकणारं हार्डनर घ्या. मे महिन्यात अर्धा लिटर एकदम कालवलं तर मगातूनच धूर निघतो. माझा एक मग वितळला आहे.

झाकण मोकळं ठेवणं हा सगळ्यात सोपा उपाय. काठावर असताना झाकणं उघडी, पाण्यात लोटल्यावर दहा-पंधरा मिनिटं उघडीच, मग बंद. पण हे विसरायला होतं, आणि लाटा असल्या तर उघड्या झाकणातूनच पाणी येतं. म्हणून कायमचं श्वासाचं भोक हवं: २ मिलिमीटरचं, वरच्या फळीजवळ, आतल्या बाजूला, पुढच्या आडव्या पाइपच्या आडोशाला. त्यात सलाइनच्या नळीचा तुकडा बसवला, पाइपवरून कमान देऊन तोंड खाली केलं. हवा ये-जा करते, उडालेलं पाणी आत जात नाही. होडी उलटली तरी दोन मिलिमीटरमधून फार काही येत नाही. वरचा निळा रंग घासून पांढरा मारला, त्यानं तेवढ्याच उन्हात आतलं तापमान ५८ वरून ४७ वर आलं. नंतर दोन्ही डोंग्यांत थर्माकोलचे ठोकळेही कोंबले, बुडू नये म्हणून. त्यानं आतली मोकळी हवा कमी झाली, तेवढी ओढही कमी. थर्माकोलजवळ पॉलिएस्टर रेझिन मात्र नेऊ नका, त्यात तो विरघळतो. इपॉक्सीनं काही होत नाही.

पॉलिएस्टरचा विषय निघाला म्हणून: नागपूरहून फायबरचं सामान आणायला गेलात तर दुकानदार बहुधा तेच देईल, कारण स्वस्त आहे आणि टाक्या, कूलरसाठी तेच खपतं. प्लायवूडवर ते नीट धरत नाही. दोन पावसाळ्यांत काचपट्टी सालीसारखी निघते. तुमचं पाणी जर सकाळ-दुपार न बघता दर खेपेला थोडं थोडं वाढत असेल, तर पट्टीच्या कडा नखानं उचकून पाहा. आणि प्लायचा एक तुकडा चुलीवर उकळून पाहा. मरीन प्लायच्या आयएस ७१० या मानकात ७२ तास उकळण्याची कसोटी आहे. नकली माल एका दिवसातच पुस्तकासारखा उलगडतो. आमच्याकडच्या एका शीटनं दुसऱ्या सकाळीच पानं सोडली, तिचं कोंबड्यांचं खुराडं झालं.

श्वासाचं भोक पाडल्यावर दुपारचं पाणी १४ लिटरवरून दोन-अडीचवर आलं. पण शून्यावर आलं नाही, आणि हे उरलेलं पाणी वेगळ्या जातीचं निघालं. वारा नसताना येत नव्हतं. जूनच्या तोंडाशी पश्चिमेचं वारं जोरात लागलं की यायचं, आणि दोन्ही डोंग्यांत सारखं. इथं खडू कामाला आला. आडवे पाइप जिथं बोल्टनं बसवलेत तिथं आतून खडूची भुकटी लावली, तासभर वाऱ्यात चालवली, झाकण उघडून बॅटरी मारली. पुढच्या पाइपच्या चारही बोल्टांखाली ओल्या रेघा.

डोलकाठी त्या पुढच्या पाइपच्या मधोमध उभी असते. बाजूच्या तारा काठीच्या शेंड्याकडून डोंग्यांच्या बाहेरच्या कडांना ओढतात. म्हणजे तार कसली की डोंगे वर ओढले जातात आणि काठीचा बुंधा पाइपला मध्यात खाली दाबतो. पाइप वाकतो, त्याची टोकं बोल्टांना हिसकतात, भोकं लांबट होतात. आणि मी पहिले दोन रविवार काय करत होतो? तारा कसत होतो. वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूची तार चालताना ढिली पडते, ती पडणारच, सगळा ताण वाऱ्याकडच्या तारेवर असतो. ती ढिली दिसली म्हणून कसायची नसते. मी प्रत्येक खेपेला एक-एक फेरा कसत गेलो होतो.

दोन कामं केली. पाइपच्या खाली मध्यात वीतभर उंचीचा लोखंडी पाय वेल्ड केलेल्या क्लॅम्पनं बसवला आणि त्याच्या टोकावरून पाइपच्या दोन्ही टोकांना वायर रोप ताणला. काठी खाली दाबते, तर हा रोप वर धरतो. जुन्या छतांच्या कैचीत खालून सळई ताणलेली असते, तसंच. कारखान्याच्या कॅटमरानमध्येही हे असतं, त्याला डॉल्फिन स्ट्रायकर म्हणतात. दुसरं, बोल्ट काढून भोकं बुजवली आणि पाइप दोरीनं बांधले. हे मागासलेपण नव्हे. जेम्स व्हॅरम या इंग्रज माणसानं १९५०च्या दशकात स्वतः बांधलेल्या कॅटमरानमधून अटलांटिक ओलांडला, आणि त्याच्या कितीतरी आराखड्यांत आडवे दांडे दोरीनंच बांधलेले असतात. बोल्ट हिसका लाकडाला देतो, दोरी तो स्वतः खाते. शिवाय आपल्याकडे एप्रिलमध्ये लाकूड सुकून आकसतं आणि ऑगस्टमध्ये फुगतं, एकदा कसलेला बोल्ट दोन्ही ऋतूंत बरोबर राहतच नाही. आठ-दहा फेरे मारा आणि मग मधून आडवे फेरे घालून आवळा. मांडवाची बल्ली बांधणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. दोर मात्र नायलॉनचा नको. नायलॉन ताणतो, ओला झाला की आणखी सैलावतो. पॉलिएस्टरचा दोर मागून घ्या, दुकानदार दोन्हीला नायलॉनच म्हणतो, म्हणून ओढून पाहून घ्या.

यानंतर होडी वळायला लागली, काठी मूळ जागी नेऊन. अडली तर पहिल्यांदा सुकाणू पाहतो, कारण फुगवट्यावर इकॉर्निया, म्हणजे जलपर्णी, एवढा माजला आहे की सुकाणूला त्याची वेणी गुंफली जाते. ते वेगळं दुखणं.

ऑक्टोबरात पुन्हा ९ लिटर, डाव्यातच. वही काढली: दुपारची खेप, पहिला तास, फळी आत गेलेली. सगळी जुनी लक्षणं. फेसाची कसोटी केली, स्क्रू कोरडे, पण झाकणाचं रबर थकून चिरलेलं, आणि उडालेलं पाणी तिथून ओढलं जात होतं. पण मुळात ओढ का? श्वासाची नळी काढून उजेडाकडे धरली तर आरपार काही दिसेना. तोंडाशी चिखलाचा टणक बूच होता, कुंभारमाशीनं पावसाळ्यात घर केलं होतं. तार घालून साफ केली, तोंडावर मच्छरदाणीचा तुकडा दोऱ्यानं बांधला, झाकणाला नवं वायसर टाकलं. आता होडी लोटण्याआधी भाचा दोन्ही नळ्यांना तोंड लावून एकेकदा फुंकतो. हवा आत गेली की मग लोटतो.